नावावरून फाईल शोधणारं नेट: नावात ठिकाण असावं की नको?

खानापूरकर

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज सविस्तर लिहितोय, लांब झालंय तरी वाचा आणि नेटवर्किंगमधलं ज्यांना कळतं त्यांनी नक्की बोला.

आमच्या जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात नेटची काय अवस्था असते ते चोर्ल्यातून गोव्याला जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. लाईट गेली की टॉवर गेला, आणि टॉवर असला तरी रेंज एक काडी. त्यात शाळा उघडल्या की मराठी माध्यमाच्या पुस्तकांच्या पीडीएफ उतरवायची झुंबड. आठवीचं गणित घ्या, एकाच गल्लीतली सगळी पोरं तीच फाईल वेगवेगळी उतरवतात आणि दरवेळी ती लांबच्या सर्व्हरवरून त्याच बारीक लाईनीतून येते. शेजारच्या घरातल्या फोनमध्ये ती सकाळपासून पडलेली असते, पण नेटला ते कळायचं काही साधनच नाही. नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, कुठून आलं आणि कुठं जायचं एवढंच लिहिलेलं असतं, आत काय आहे याच्याशी वाट दाखवणाऱ्या राउटरला देणंघेणं नाही.

विंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली ही मांडणी केली तेव्हा गरजच तशी होती, लांबच्या कॉम्प्युटरशी जोडून घेऊन त्याच्यावर काम करायचं. आज आपण नेटवर जे करतो त्यातलं बहुतेक "मला अमुक गोष्ट पाहिजे" असं असतं, ती कुठल्या मशिनवरून येते याचं कोणाला काय पडलंय?

हाच मुद्दा व्हॅन जेकबसन यांनी 2006 मध्ये गूगलमधल्या भाषणात मांडला. माणूस साधा नव्हे. 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ ही जेमतेम 400 यार्डांची लाईन सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर घसरली होती, त्यानंतर टीसीपीला, म्हणजे नेटवर डेटा पोचवायच्या नियमांना, गर्दी सांभाळायला शिकवलं ते यांनीच. 2009 मध्ये पार्क या संशोधन केंद्रातल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांचा पेपर आला, 2010 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून नेम्ड डेटा नेटवर्किंग म्हणजे एनडीएन हा प्रकल्प उभा राहिला, त्याचं नेतृत्व यूसीएलएच्या लिशिया झांग यांच्याकडं. कल्पना अशी की पॅकेटवर पत्ता नको, गोष्टीचं नाव घाला, आणि ज्याच्याकडं ती असेल त्यानं द्यावी.

मला हे मनापासून पटलंय. पण दोन गोष्टींवर अडतोय. एक, नावावरून ती शोधायची कशी, म्हणजे जगातल्या राउटरना आठवीचं गणित कुठल्या दिशेला आहे हे सांगणार कोण? दोन, नाव ठेवायचं कसं? तुमचं काय म्हणणं?

उद्यमबागचा फिटर

चांगला विषय काढलास गा. पण कॅश करायचं, म्हणजे जवळ प्रत ठेवायचं काम आजही होतंयच की. आपण व्हिडिओ बघतो तो काय दरवेळी अमेरिकेतून येत नाही, सीडीएनवाल्यांनी, म्हणजे अशा प्रती ठेवून देणाऱ्या कंपन्यांनी, मोठ्या शहरात आपले सर्व्हर बसवलेत. मग ह्यात नवीन ते काय? आणि राउटरच्या आत नेमकं काय होतं ते आमच्यासारख्या मशिनवर काम करणाऱ्याला कळेल असं कोणीतरी सांगा.

निपाणी टू पुणे

मी मूळचा निपाणीचा, सध्या पुण्यात नेटवर्कमध्येच नोकरी करतो. काका, मी सांगतो.

एनडीएनमध्ये पॅकेट दोनच प्रकारचे. मागणीचं ते इंटरेस्ट, आणि उत्तराचं ते डेटा. समजा मागणी आली /शिक्षण/मराठी/आठवी/गणित/आवृत्ती-3/तुकडा-5 अशी. राउटर आधी स्वतःच्या साठ्यात बघतो, त्याला कंटेंट स्टोअर म्हणतात. तिथं असेल तर तिथूनच दिलं, विषय संपला. नसेल तर दुसरा तक्ता, पेंडिंग इंटरेस्ट टेबल, म्हणजे पिट. हेच नाव आधी कोणी मागितलंय का? मागितलं असेल तर पुढं परत मागणी पाठवायची नाही, फक्त "ह्या बाजूलाही पाहिजे" अशी नोंद करायची. कोणीच मागितलं नसेल तर तिसरा तक्ता, फॉरवर्डिंग टेबल, त्यात नावाचा जास्तीत जास्त लांब जुळणारा भाग बघून दिशा ठरवायची आणि मागणी पुढं ढकलायची. डेटा आला की पिटमधल्या नोंदी बघत ज्या वाटेनं मागणी आली त्याच वाटेनं परत जातो, जाताना साठ्यात एक प्रत राहू शकते, नोंद खोडली जाते. मागणाऱ्याचा पत्ता कुठंच लागत नाही.

जांबोटीतलं खत-औषधाचं दुकान डोळ्यासमोर आणा. एकच कीटकनाशक पाच शेतकऱ्यांनी मागितलं तर दुकानदार खानापूरला पाच फेऱ्या मारत नाही, वहीत पाच नावं लिहितो, एकदा माल आणतो, पाचांना देतो आणि वहीतली नावं खोडतो. पिट म्हणजे ती वही. फरक एवढाच की ही वही फार वेळ उघडी राहत नाही, मागणीचं आयुष्य वेगळं सांगितलं नसेल तर 4 सेकंद, तेवढ्यात माल आला नाही तर नोंद गेली, पाहिजे असेल तर परत मागा.

आता सीडीएनचं. काका, ते सर्व्हर मोठ्या शहरापर्यंत येऊन थांबतात, आणि ज्या कंपनीनं पैसे भरलेत तिचाच माल ठेवतात. बेळगावपर्यंत आले असं धरलं तरी बेळगाव ते कणकुंबी ही लाईन बारीकच राहिली. मधला माणूस एचटीटीपीएसमुळं, म्हणजे कुलूपबंद जोडणीमुळं, आत बघू शकत नाही, त्यामुळं गावातल्या शाळेत एखादा डबा बसवून कॅश करतो म्हटलं तरी जमत नाही, कारण आजच्या पद्धतीत भरवसा त्या सर्व्हरशी जोडलेल्या नळीवर आहे. एनडीएनमध्ये प्रत्येक डेटा पॅकेटवर तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती सही नाव आणि मजकूर दोन्हीला मिळून असते. मग पॅकेट शेजाऱ्याच्या फोनवरून येऊ दे नाहीतर पेनड्राइव्हवरून, सही जुळली की खरं. माझ्या मते ह्या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, कॅशिंगपेक्षाही.

विरोधातलंही सांगतो. 2013 च्या सिगकॉम या नेटवर्किंगच्या परिषदेत एक पेपर आला होता, त्यात दाखवलं की सगळ्या राउटरमध्ये साठा ठेवायची आणि जवळची प्रत शोधत बसायची गरज नाही, फक्त टोकाला कॅश ठेवला तरी बहुतेक फायदा मिळतो. बरेचजण हे एनडीएनच्या विरोधात वापरतात. मला उलट वाटतं, आपल्यासारख्या भागाला टोकालाच तर पाहिजे.

खानापूरकर

दुकानाच्या वहीचं एकदम डोक्यात बसलं. पण दुकानदाराला खानापूरचा रस्ता माहीत आहे. तिसऱ्या तक्त्यात दिशा भरणार कोण, तिथंच तर माझं अडतंय.

निपाणी टू पुणे

होय, तिथंच खरी गोची आहे, ह्या क्षेत्रातले लोक 15-20 वर्षं त्यावर डोकं फोडतायत.

आजच्या आयपीत, म्हणजे पत्त्यावर चालणाऱ्या पद्धतीत, जगातल्या मोठ्या राउटरकडं साधारण दहा लाखाच्या आसपास मार्ग असतात. तेवढ्यात भागतं कारण पत्ते ठिकाणाप्रमाणे गठ्ठ्यानं दिलेले आहेत, एका नेटवर्कचे हजारो पत्ते एका ओळीत मावतात. नावांचं बघा. नुसती नोंदवलेली डोमेन नावंच 35 कोटींच्या वर आहेत. गूगलनं 2008 मध्येच सांगितलं होतं की त्यांना 1 लाख कोटी वेगवेगळे वेब पत्ते दिसलेत. त्यातला लहानसा हिस्सा जरी राउटरच्या तक्त्यात घालायचा म्हटला तरी तेवढी जलद मेमरी परवडणार नाही, आणि रोज बदलणाऱ्या नोंदी सगळ्या जगात कळवत बसायचं ते वेगळंच.

छोट्या नेटवर्कमध्ये अडचण नाही. एनएलएसआर नावाचा राउटिंग प्रोटोकॉल आहे, प्रत्येक राउटर "माझ्याकडं अमुक नावानं सुरू होणारं सगळं मिळेल" असं बाकीच्यांना कळवतो. गावातल्या वायफायसारख्या ठिकाणी तर त्याचीही गरज नाही, पहिली मागणी सगळ्यांना ओरडून विचारायची, ज्याच्याकडून उत्तर येईल ती दिशा लक्षात ठेवायची, पुढच्या वेळी थेट तिकडंच विचारायचं. ह्याला सेल्फ-लर्निंग म्हणतात. तुमच्या गल्लीतल्या पोरांना एवढं पुरे. अडतंय ते अख्ख्या जगासाठी.

व्हीटीयू फायनल इयर

दादा, मी मच्छेला व्हीटीयूत शिकते. आयपीएफएस म्हणून फाईल एकमेकांत वाटून घ्यायची पद्धत आहे, ती का नाही चालणार? तिथं मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा, हेच नाव, त्यामुळं सही नसली तरी फाईल खरी का खोटी लगेच तपासता येते. आणि शोधायला डीएचटी, म्हणजे सगळ्या मशिनांत वाटलेला तक्ता, त्याच्यामागं 2002 ची कॅडेम्लिया ही रचना. कोणाकडंही पूर्ण तक्ता नाही, प्रत्येकाकडं थोड्या थोड्या नोंदी, आणि दहा लाख नोड, म्हणजे मशिनं, असली तरी साधारण वीसेक पायऱ्यांत नोंद सापडते. तक्ता मोठा व्हायचा प्रश्नच मिटला ना?

निपाणी टू पुणे

ताई, तक्त्याचा प्रश्न मिटतो, बरोबर आहे तुमचं. पण दुसरे उभे राहतात. कॅडेम्लियात जवळ-लांब ठरतं ते आकड्यांच्या एक्सऑर नावाच्या गणितावरून, भूगोलाचा त्याच्याशी काही संबंध नाही. फाईल खानापुरातच शेजारी असेल, पण ती कोणाकडं आहे ही नोंद ज्या नोडवर पडलीय तो जर्मनीत असू शकतो. म्हणजे शेजारची वस्तू शोधायला चौकशी परदेशातून फिरून यायची, आणि बाहेरची लाईन तुटलेली असेल तर फाईल गावात असून सापडायची नाही. आयपीएफएस लोकल नेटवर्कवर शेजारी ओळखू शकतं, त्यानं थोडं सावरतं, पण मूळ रचना ती नाही.

शिवाय हॅश म्हणजे अक्षरांची न लक्षात राहणारी माळ. पुस्तकात एक कानामात्रा सुधारली की नाव पूर्ण बदललं. बर्कलीच्या लोकांनी 2007 मध्ये डोना म्हणून एक रचना मांडली, त्यात मालकाच्या सहीच्या चावीचा हॅश नावात घातला, म्हणजे मजकूर बदलला तरी नाव टिकतं, पण माणसाला वाचता येत नाही ते नाहीच. आणि हॅशचे गठ्ठे बांधता येत नाहीत, शेजारी शेजारी दिसणारे दोन हॅश जगाच्या दोन टोकाला असू शकतात.

जुना कागद

मी कित्येक वर्षं लोकांच्या जमिनीच्या कागदपत्रांचं काम करतोय, नेटवर्कमधलं मला फार कळत नाही, पण नाव कसं ठेवायचं ह्यावर मला बोलायचंय, कारण नाव चुकीचं ठेवलं की काय होतं ते आपल्या भागाइतकं कोणाला माहीत नसेल.

वर जे /शिक्षण/मराठी/आठवी असं लिहिलंय ते ठीक आहे. पण सरकारी माणूस नाव ठेवेल तेव्हा राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशीच उतरंड घालणार, लिहून घ्या. आता खानापूर तालुक्यातला एखादा जुना उतारा घ्या. 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी हा मुलूख मुंबई राज्यात. त्यानंतर म्हैसूर राज्यात. 1973 च्या 1 नोव्हेंबरपासून कर्नाटक. बांध तोच, सर्व्हे नंबर तोच, जमीन कसणारं घर तेच, आणि वरचं नाव दोनदा बदललं. चंदगडचं तर आणखी वेगळं, तो तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापूरला जोडला, आणि 1960 ला मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं. म्हणजे चंदगडचा जुना कागद शोधताना तुम्ही कुठलं नाव टाकणार? आत्ताच्या नावावरून गेलात तर कोल्हापूरच्या फांदीत शोधाल, कागद तयार झाला तेव्हाचं नाव बेळगावच्या फांदीतलं.

आमच्याकडं लोक चकरा मारतात त्या कागद हरवला म्हणून कमी, आणि तो कुठल्या नावाखाली लावलाय ते कळत नाही म्हणून जास्त. एकजण चंदगडच्या बाजूचे, वडिलांच्या नावावरची फेरफार नोंद पाहिजे होती, एका कचेरीनं दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं परत पहिलीकडं. नोंद अस्तित्वात होती. म्हणून सांगतो, नावात कारभार घालू नका, कारभार बदलतो.

खानापूरकर

काका, तुम्ही एकदम वर्मावर बोट ठेवलंत. मला आता दोन्ही गोष्टी एकत्र दिसायला लागल्यात. कागद पिढ्यान्पिढ्या सापडत राहावा असं वाटत असेल तर त्याच्या नावात ठिकाण नको, मशिनचंही नको आणि राज्य-जिल्ह्याचंही नको. पण नेटवर्कला दिशा कळायला आणि तक्ता आटोक्यात राहायला नावात ठिकाणच लागतंय, कारण गठ्ठे बांधायला ठिकाणाशिवाय दुसरं साधन नाही. म्हणजे माझे वरचे दोन प्रश्न वेगळे नाहीतच, आणि दोन्हीकडून एकच दोरी ओढली जातेय. ह्यातून मार्ग काय काढलाय लोकांनी?

निपाणी टू पुणे

मार्ग आहे. नाव आणि वाट वेगळी करायची. एनडीएनमध्ये त्याला फॉरवर्डिंग हिंट म्हणतात. मागणीवर नाव असतं ते असतंच, पण सोबत एक छोटी सूचना जोडता येते की "ठाऊक नसेल तर अमुक नेटवर्कच्या दिशेनं विचार". जगातल्या मोठ्या राउटरना फक्त त्या नेटवर्कांची दिशा ठाऊक असली की पुरे, आणि ती संख्या आजच्या तक्त्याइतकीच राहते. कुठल्या नावाला कुठली सूचना हे सांगायला एक वेगळी यादी, तिच्या नोंदींवरही सह्या.

आता जुना कागद काकांचा उतारा घ्या. नाव एकदा ठेवलं ते कायम, सही झाली ती कायम. चंदगड कोल्हापूरला गेलं तर बदलते ती फक्त सूचना. नोंद शोधणाऱ्याला फरक पडत नाही.

उद्यमबागचा फिटर

म्हणजे शेवटी परत डीएनएसच आलं की! पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 मध्ये जे केलं तेच, नाव द्या आणि पत्ता घ्या. आणि ती यादी बाहेर कुठंतरी असणार, लाईन तुटली की ती पण नाही. फिरून तिथंच आलो गा.

निपाणी टू पुणे

काका, दिसायला तसंच आहे पण दोन ठिकाणी फरक पडतो. आज डीएनएसनं पत्ता दिल्याशिवाय पहिलं पाऊलच पडत नाही, फाईल शेजारी असली तरी. इथं आधी जवळ विचारायचं, साठ्यात बघायचं, गल्लीत ओरडायचं, आणि कुठंच नाही मिळालं तरच यादीकडं जायचं. गावात प्रत असेल तर बाहेरची लाईन चार दिवस बंद असली तरी पोरांना पुस्तक मिळतं. आणि दुसरं, यादीनं चुकीची दिशा दिली, मुद्दाम दिली तरी, तुम्हाला खोटा माल खपवता येत नाही, कारण सही मूळ नावाची बघायची आहे. फार तर माल मिळणार नाही.

हे अजून पूर्ण सुटलंय असं मी म्हणणार नाही. ती यादी कोण चालवणार, "शिक्षण" ह्या नावावर सही करायचा हक्क कोणाचा, ह्यावर तंत्रज्ञानात उत्तर नाही, ते समाजानं ठरवायचं काम आहे. सीमाभागात तर दोन्हीकडची खाती एकाच नावावर हक्क सांगतील.

शहापूरची मी

एवढं सगळं वाचलं, मला एक विचारायचंय. मागणीवर नाव उघडं लिहिलेलं असणार ना? मग मी एखाद्या आजाराबद्दलचं काही मागितलं तर वाटेतल्या सगळ्यांना कळणार. गावातल्या शाळेतल्या डब्यातून मागणी जाणार असेल तर तो डबा सांभाळणारा माणूस ओळखीचाच असतो. बायकांना ह्याचा त्रास जास्त होतो, हे हलक्यात घेऊ नका.

निपाणी टू पुणे

ताई, अगदी रास्त मुद्दा. मागणाऱ्याचा पत्ता पॅकेटवर नाही ही जमेची बाजू आहे, पण पहिल्याच डब्याला कोणत्या बाजूनं आलं ते दिसतं, आणि नाव तर दिसतंच. मजकूर एनक्रिप्ट करता येतो, नावाचा काही भागही करता येतो, पण नाव जितकं झाकाल तितका एकच प्रत सगळ्यांना वाटण्याचा फायदा कमी. माझं स्पष्ट मत, पुस्तकं, हवामान, बाजारभाव, सरकारी सूचना असल्या सगळ्यांसाठी असलेल्या गोष्टी उघड्या नावानं चालू देत, आणि खाजगी गोष्टी शाळेच्या डब्यातून जाऊच नयेत, त्या आजच्यासारख्या बंद वाटेनं जाऊ देत.

आणखी एक दुखणं आहे ते पण सांगून टाकतो. कोणी मुद्दाम अस्तित्वात नसलेली नावं हजारोंनी मागत बसला तर पिट भरून जातं आणि खऱ्या मागणीला जागा राहत नाही. ह्याला इंटरेस्ट फ्लडिंग म्हणतात. ज्या बाजूनं मागण्या येतात पण उत्तरं येत नाहीत त्या बाजूची गती कमी करायची असे उपाय आहेत, पण सावध राहायला लागतं.

व्हीटीयू फायनल इयर

दादा, काका, सगळ्यांचं वाचून मी प्रोजेक्टचा विषय हाच घ्यायचं ठरवलंय. मिनी-एनडीएन म्हणून एक एम्युलेटर आहे, एका लॅपटॉपवर सगळे राउटर उभे करता येतात, आणि आत एनडीएनचं खरं मागणी पुढं ढकलणारं सॉफ्टवेअर, एनएफडी, तेच चालतं. मी रचना अशी करतेय: बेळगाव, खानापूर, जांबोटी, कणकुंबी ओळीनं, कणकुंबीच्या टोकाला दहा फोन, खानापूर ते जांबोटी लाईन मुद्दाम बारीक. एका बाजूला साधा एचटीटीपी, म्हणजे आजची सर्व्हरवरून मागायची पद्धत, दुसऱ्या बाजूला एनडीएन. मोजायचं काय काय ते सुचवा ना. आणि खऱ्या फोनवर करून बघता येईल का?

निपाणी टू पुणे

छान. एनएफडीचं अँड्रॉइडसाठीचं रूप आहे, रास्पबेरी पायवरही चालतं, पण आधी एम्युलेटरवर आकडे काढा.

दहा फोननी एकाच वेळी मागितलं आणि एकेक तासाच्या अंतरानं मागितलं, ह्या दोन्ही वेळा बारीक लाईनीवरून किती बाइट गेले ते बघा. पहिल्यात पिटची कमाल दिसेल, दुसऱ्यात साठ्याची, दोन्ही मिसळू नका. मग लाईन पूर्ण तोडा आणि गावात प्रत असताना किती फोनना पुस्तक मिळतं ते बघा, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा. आणि सही तपासायला किती वेळ जातो ते नक्की मोजा, स्वस्त फोनवर प्रत्येक पॅकेटची सही तपासणं जड जातं. त्यावर तोड अशी की सगळ्या तुकड्यांच्या हॅशची एक यादी करून फक्त त्या यादीवर सही करायची, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. दोन्ही करून तुलना द्या.

जुना कागद

पोरी, माझं एक ऐकशील तर त्यात आवृत्तीचंही घे. पुस्तक दुरुस्त होऊन आलं आणि गावातल्या साठ्यात जुनंच राहिलं तर सही खरी असूनही पोरं चुकीचं शिकणार. कागदात हे रोज होतं, जुना उतारा खरा असतो पण त्यानंतर फेरफार झालेला असतो.

व्हीटीयू फायनल इयर

होय वो काका, घेते. मागणीत "ताजंच पाहिजे" असं सांगायची सोय आहे आणि डेटावर तो किती वेळ ताजा समजायचा ते लिहिलेलं असतं, पण लाईन तुटलेली असताना ताजंच पाहिजे म्हटलं तर काहीच मिळणार नाही. म्हणून मी आधी ताजं मागून बघणार, नाही मिळालं तर साठ्यातलं घेणार आणि स्क्रीनवर आवृत्तीचा नंबर मोठ्या अक्षरात दाखवणार. आकडे आले की इथंच टाकते.

खानापूरकर

टाक गं. आणि फोनवर करायची वेळ आली तर आमच्या गावात ये, शाळेच्या सरांशी मी बोलून ठेवतो, फक्त जुलैत ये म्हणजे लाईन मुद्दाम तोडायला लागणार नाही.